नियमात न बसलेलं पाणी

नागमणी चिप्पाला शेजाऱ्यांनी पहिली शिवी घातली ती पाण्याच्या दिवशी, आणि शिवी घालणारी बाई तिला लहानपणी न्हाऊमाखू घालणारी होती.

"अगं ए सरकारच्या सुने!" तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जैतुनबी ओरडली. "दुसरं बॅरल भरू नको म्हणतीस, मग पाच दिवस काय तुझी थुंकी पिऊ व्हय?"

खाली जिन्याच्या तोंडाशी भिंतीवरचा दिवा पिवळा झाला होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे इमारतीवर ओझं वाढलंय, लाल म्हणजे तुमचं चुकलं. नागमणी मान वर करून हात जोडून उभी होती.

"बी, एक बॅरल ओतून दे गं. दिवा बघ की."

"तूच बघ दिवा. तुला त्याचाच पगार हाय."

ही गोष्ट घडली तेव्हा सोलापुरात चालकाशिवाय बसगाड्या धावायला लागल्या होत्या, दवाखान्यात डॉक्टरच्या आधी यंत्र नाडी बघत होतं, आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी येत होतं. पहिल्या दोन गोष्टी नव्या होत्या. तिसरी बापजाद्यांपासूनची.

घरबांधणी बोर्डानं गिरणीतल्या आणि मागावरच्या कामगारांसाठी बांधलेली ती वसाहत. सात नंबरची इमारत तिच्यातली सगळ्यात मागची. तळाला बोर्डाचे गाळे, कोर्टाच्या भांडणात वर्षानुवर्षं कुलूपबंद. वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ घरं. ही इमारत किल्लारीच्या भूकंपाच्या आधीची. त्या पहाटे ती हलली होती, पडली नव्हती, आणि त्यानंतर तिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

पाहिलं नव्हतं त्याचं कारण कायदाच होता. कायदा म्हणायचा, जुन्या इमारतीला दुरुस्तीसाठी हात लावायचा तर नव्या नियमात बसेल इतका लावा. पिलर जाड करा, भूकंपाचे पट्टे घाला, जिना रुंद करा, आगीतून सुटायला दुसरा जिना काढा. नियम चुकीचा नव्हता. माणसं जगावीत म्हणूनच तो केला होता. पण त्याचा खर्च ऐकला की बोर्डाचा साहेब फाईल मिटायचा. ढासळलेला गिलावा चिकटवायला गेलं की अख्खा नियम अंगावर येणार, त्यापेक्षा पडू दे गिलावा. माणसं वाचवायला केलेल्या नियमामुळंच इमारती कुजत राहिल्या.

मग 'सुलभ सुरक्षा नियमावली' आली. तिच्या पोटात एक यंत्र होतं. त्याचं नाव नाडी.

प्रत्येक इमारत झुलत असते. रस्त्यानं ट्रक गेला, वारा सुटला, कुणी मिक्सर लावला, तरी ती हलते. डोळ्याला दिसत नाही इतकं कमी हलते, पण स्वतःच्या एका ठरावीक तालात हलते. कपाळावरच्या टिकलीएवढ्या चकत्या पिलरांना चिकटवल्या की त्या हा ताल पकडतात. काँक्रीट आतून तडकताना बारीक टिचकी वाजते, तीही ऐकतात. हे सगळं दिवसरात्र एका संगणकाकडं जातं आणि इमारत आज किती ओझं पेलू शकते ते तो सांगतो. शोध खरोखर मोठा होता. ज्यांनी लावला त्यांनी चांगल्या मनानं लावला असेल.

त्याचं नियमावलीनं काय केलं? उद्घाटनाला आलेला अधिकारी माईकवर म्हणाला, "इमारतीचं बळ वाढवता येत नसेल, तर आपण तिचं ओझं आवरू. प्रत्येक घराला भारवाटा ठरवून देऊ. इमारत आहे तशी सुरक्षित होईल." टाळ्या झाल्या. गरिबांच्या सभेत टाळ्या आधी होतात, अर्थ घरी गेल्यावर कळतो. त्याचा अर्थ असा होता, की आम्ही पिलर बळकट करणार नाही, तुम्ही हलके व्हा.

रंग मात्र दिला. बाहेरून आंब्याच्या रंगाचा. नव्या वायरी ओढल्या, धुराची घंटा बसवली, आणि इमारतीभोवती रुंद पिवळा पट्टा आखला. आगीच्या बंबाला यायला मोकळा रस्ता पाहिजे, म्हणून त्या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही. सायकल नाही, बाज नाही, बॅरल तर नाहीच. वर कॅमेरा.

आणि प्रत्येक इमारतीला एक भारसेविका नेमली. लोकांनी घरात कॅमेरा बसवायला नकार दिला होता, तेव्हा कुठल्या घरात किती ओझं आहे ते यंत्राला कुणीतरी सांगायला हवंच होतं. माणसं, कपाटं, बाजा, पाणी, सगळं रोज फोनवर भरायचं. नवऱ्याचं घर सोडून बापाकडं परत आलेल्या नागमणीनं हे काम घेतलं, कारण त्यासाठी इमारतीबाहेर जावं लागत नव्हतं. अप्पांना सोडून ती जाणार कुठं?

अप्पा म्हणजे राजमल्लू चिप्पा. उभी हयात टॉवेलच्या मागावर काढली. मग एके दिवशी डावी बाजू गेली आणि बाजेवर आले. बाजेवर पडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय लागतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. औषध नव्हे. पाणी. चादर धुवायला पाणी, अंग पुसायला पाणी, रात्री पुन्हा चादर धुवायला पाणी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती त्यांना दिवसातून दोनदा पुसायची. भारवाटा लागला तसं एकदा पुसायला लागली. मग पाण्यात फडकं बुडवून, पिळून, तेच पाणी पुन्हा.

"मणी," अप्पा एकदा तोंड वेडंवाकडं करत म्हणाले, "मी मेलो तर किती वजन कमी होईल गं इमारतीचं?"

"एक बॅरलसुद्धा न्हाई होणार. गप पडा."

तिनं हसून म्हटलं खरं, पण तो हिशोब तिनं मनात आधीच केला होता.

*

सहा महिन्यांत तीनदा दिवा लाल झाला की इमारत रिकामी करायची, असा नियम. पहिला लाल ईदेला झाला. जैतुनबीच्या लेकी जावयांना घेऊन आल्या होत्या.

दुसरा लाल सिद्धव्वामुळं झाला. सिद्धव्वा तिसऱ्या मजल्यावरची लिंगायत म्हातारी, अख्ख्या इमारतीची सुईण. ती गेली. त्यांच्यात मयताला बसवतात. भस्म लावून, फुलांनी सजवून, भिंतीला टेकवून. मग भजन चालतं आणि गावोगावचे पाहुणे येईपर्यंत दर्शन चालतं. अक्कलकोटहून टेम्पो भरून माणसं आली. ती जिना चढायला लागली तशी नागमणी फोनवर आकडा भरत गेली आणि दिवा पिवळा झाला.

नागमणी जिन्यात आडवी झाली. "मामा, चार-चार जण जावा. पाया पडतो... चार-चार जण."

"चार-चार?" बब्रुवान गायकवाड खालून गरजला. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला, छातीनं बोलणारा माणूस. "रडायला पण नंबर लावायचा का बे आता? सिद्धव्वानं तुला काढलं आईच्या पोटातून, तेव्हा वजन केलं होतं का तुझं?"

"बब्रूमामा, लाल झाला तर सगळ्यांचंच—"

"होऊ दे लाल!"

झाला. दिव्याची शिट्टी वाजायला लागली. भजन थांबलं. सिद्धव्वाची लेक मयतापाशी बसून आणखी मोठ्यानं रडायला लागली, कारण तिला वाटलं शिट्टी आईसाठी वाजवतायत.

शेवटी नागमणीनंच तोडगा काढला. म्हातारीला खाली न्यायचं. चौघांनी खुर्चीत घालून उतरवलं, इमारतीसमोर बसवलं. तर कॅमेरा बोलायला लागला, "बंबाच्या मार्गात अडथळा. कृपया अडथळा हटवा." बाईचा गोड आवाज होता. जिनं त्या इमारतीतली अर्धी माणसं जगात आणली, तिला ती बाई अडथळा म्हणत होती. लोकांनी सिद्धव्वाला उचललं आणि वसाहतीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, विजेच्या डीपीच्या पेटीशेजारी बसवलं. तिथं तिचं भजन झालं. ट्रक जात होते, धूळ उडत होती, भस्मावर बसत होती.

त्या दिवसापासून नागमणीशी कुणी बोलेना. ती जिना चढायला लागली की दारं लागायची. कुणी तिच्या दाराशी वजनाचा तुटका काटा आणून ठेवला.

महिनाभरानं जैतुनबीच खाली उतरून आली. बाजेपाशी बसली. अप्पांची पाठ तिनं पाहिली. जखमा पडल्या होत्या, वास येत होता.

"हे काय गं?"

"पाणी पुरत न्हाई, बी."

जैतुनबीनं चादर पुन्हा पाठीवर ओढली. मग म्हणाली, "मणी, त्या यंत्राला डोळे हायत का?"

"न्हाईत."

"घरात येतंय का?"

"न्हाई."

"मग तू सांगतीस तेवढंच त्याला कळतंय की. अगे पगली, सांगू नको."

*

त्यानंतरचे तीन महिने सात नंबर पहिल्यासारखी झाली. घरोघर दोन-दोन, तीन-तीन बॅरल भरली जायची आणि नागमणी फोनवर लिहायची: दोन घागरी. पाहुणे आले तर लिहायची नाही. दिवा हिरवा. बब्रुवाननं तिच्या घरी शेंगाची पोळी पाठवली, वर निरोप, "मामा रागावलेला नसतो." जैतुनबी यायची आणि दोघी मिळून अप्पांना न्हाऊ घालायच्या. पहिल्यांदा डोक्यावरून तांब्यानं पाणी ओतलं तेव्हा अप्पा लहान पोरासारखे ओरडले, आणि मग रडले. जखमा सुकायला लागल्या. नागमणी पुन्हा गॅलरीत उभी राहून गप्पा मारायला लागली. खोटं बोलून माणसांत येता येतं आणि खरं बोलून माणसांतून जावं लागतं, हे तिला नीट समजलं होतं.

मग एके सकाळी फोनवर लाल अक्षरं आली. 'ईशान्य कोपऱ्यातील पिलर कमकुवत झाल्याची शक्यता. अभियंता तपासणीस येईल. निष्कर्ष कायम राहिल्यास इमारत रिक्त करण्यात येईल.'

अभियंता आला तो निनाद रणसुभे. तिशीचा, चष्मा लावलेला, पायऱ्या चढताना भिंतीला हात लावत येणारा. घरात आला तेव्हा चप्पल दाराबाहेर काढली. सरकारी माणसानं चप्पल काढलेली नागमणीनं त्याआधी पाहिली नव्हती, म्हणून ती जास्तच घाबरली.

"नागमणीताई, ती कपडे वाळत घालायची काठी द्याल? आणि एक तांब्या."

त्यानं काठीचं एक टोक खिडकीच्या गजांत घट्ट अडकवलं, बाहेर आलेल्या टोकाला तांब्या बांधला आणि टिचकी मारली. काठी भरभर हलली.

"आता तांब्यात पाणी घाला."

घातलं. टिचकी मारली. काठी सावकाश हलायला लागली.

"जड झाली म्हणून मंद झाली. बरोबर?" त्यानं तांब्या रिकामा केला. मग काठी मध्यावर गुडघ्यावर दाबली. कट्कन आवाज झाला, बांबू थोडासा चिरला. पुन्हा अडकवली, पुन्हा टिचकी. रिकाम्या तांब्याची काठी आता तशीच सावकाश हलत होती. "आणि चिरली तरी मंद होते. नुसतं हलणं बघून जड आहे की चिरलीय हे सांगता येत नाही. नाडीला फक्त हलणं दिसतं. वजन तुम्ही सांगता. तुम्ही सांगता वजन कमी आहे, आणि इमारत तर मंद हलतेय. मग ती काय समजणार?"

"पिलर चिरला."

"हो."

अप्पा बाजेवरून हसले. "माझी काठी मोडलास की बे."

निनादही हसला. मग त्यानं फोन काढून एक आलेख दाखवला. डोंगर-दऱ्यांसारखी रेघ. "हे बघा. दर पाचव्या दिवशी तुमची इमारत आजारी पडते. पुढच्या चार दिवसांत हळूहळू बरी होते. पाचव्या दिवशी परत आजारी. काँक्रीट बरं होत नसतं, ताई. एकदा तडकलं की तडकलं. तुमच्या इमारतीत पाणी भरलं जातं आणि वापरलं जातं. ही त्याची रेघ आहे."

नागमणीनं मोरीतल्या बॅरलकडं पाहिलं. "मग हे यंत्राला कसं कळत न्हाई? इतकं हुशार हाय म्हणतात."

"ज्यांनी बनवलं त्यांच्या गावात नळ सोडला की पाणी येतं. पाण्याला वार असतो हे त्याला कुणी शिकवलंच नाही. ते सगळ्यात वाईट दिवस धरतं आणि पिलर गेला म्हणतं."

"तुम्हाला तर कळलंय. तुम्ही लिहा की."

"मी नाही लिहू शकत. तुम्ही लिहू शकता." तो खाली बघत बोलत होता. "वजन खोटं भरलं असं भारसेविकेनं लिहून दिलं, तर इमारत पूर्ण रिकामी करून चाचणी घ्यायचं एक कलम आहे. रिकाम्या इमारतीत खोटं बोलायला काही उरत नाही. ताल मिळतो तो खराच. पण मग तुमची नोकरी जाईल. आणि नाही लिहिलंत, तर पिलर गेला म्हणून महिन्याभरात सील लागेल. तुम्हाला माळावरच्या पत्र्याच्या वसाहतीत हलवतील."

माळावरची वसाहत सगळ्यांना ठाऊक होती. तीन नंबरची माणसं तिथं गेली होती, तात्पुरती म्हणून. जवळ दवाखाना नाही, उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की भिंतीला हात लागत नाही. तीन नंबरमधल्या बाजेवरच्या दोघी पहिल्या उन्हाळ्यातच गेल्या. परत कुणी आलं नव्हतं.

नागमणीनं अप्पांकडं पाहिलं. मग म्हणाली, "काय लिहायचं सांगा."

*

चाचणीसाठी अख्खी सात नंबर शाळेच्या मैदानावर येऊन पडली. ताडपत्र्या बांधल्या, कपाटं उन्हात उभी केली, बॅरल पालथी घातली. बब्रुवान दोन दिवस तिच्या अंगावर ओरडत होता. "तूच लिहून दिलीस! सगळ्यांना चोर ठरवलीस बे तू!" अप्पांच्या डोक्यावर ती छत्री धरून बसली होती.

तिसऱ्या दिवशी निनाद जवळजवळ पळतच आला.

"पिलर शाबूत आहेत! एकही तडकलेला नाही. तुमची इमारत तुमच्या-आमच्यापेक्षा धडधाकट आहे."

मैदानात असा काही आरडाओरडा झाला की शाळेतली पोरं खिडक्यांत आली. जैतुनबीनं नागमणीच्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. बब्रुवाननं चक्क तिचे पाय धरायचं नाटक केलं.

निनाद मात्र हसत नव्हता. "ऐका जरा. खरा भार आता ठरलाय. रिकाम्या इमारतीचा ताल मिळालाय, त्यामुळं पुढं नुसत्या हलण्यावरून नाडीला वजन कळेल. तुम्ही सगळे मावता. सामानासकट, पाहुण्यांसकट मावता. साठवलेलं पाणी मावत नाही. घरटी दोन घागरी, बस. आणि खोट्या नोंदी झाल्यामुळं आता तीन संधी नाहीत. परत गेल्यावर दिवा एकदा जरी लाल झाला तरी सील. कायमचं."

"बॅरल खाली ठेवतो मग," कुणीतरी म्हणालं.

"खाली बंबाचा रस्ता आहे."

"गाळ्यांत ठेवतो."

"ते कोर्टात आहेत."

"आणि पाणी रोज आलं तर?" नागमणीनं विचारलं.

"रोज आलं असतं तर मला इथं यायची वेळच आली नसती." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी लिहिलंय पाणीखात्याला. या इमारतीचं सगळ्यात स्वस्त मजबुतीकरण म्हणजे रोजचं पाणी, असं लिहिलंय. उत्तर आलं, की पाणी हा इमारतीच्या रचनेचा भाग नाही."

इतकं मूर्ख वाक्य इतक्या शांतपणे फक्त कागदावरच लिहिता येतं. पाणी इमारतीचा भाग नव्हता, पण इमारत बंद करायला पाण्याचं वजन चालत होतं.

शेवटी निनादनंच कुणाकुणाला भेटून रोजचा एक टँकर मिळवला. टँकर येईल, प्रत्येकानं दोन घागरी भरायच्या, संपल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या संध्याकाळी मैदानात सगळ्यांनी शपथ घेतली. बब्रुवाननं प्रत्येकाला घ्यायला लावली. ज्यानं त्यानं आपापल्या देवाची, पोराबाळांची, मेलेल्या माणसांची घेतली. नळाला पाणी आलं तरी कुणी बॅरल लावायचं नाही.

"बॅरल इथंच देऊन टाका कुणाला तरी," नागमणी म्हणाली.

"रिकामं बॅरल कुठं वजन करतंय गं?" जैतुनबी म्हणाली. "राहू दे. धान्य ठेवायला होईल."

सगळ्यांची बॅरल परत वर गेली. नागमणीचीही.

*

सगळे वर गेले, शेवटची बाज गेली, तरी दिवा हिरवा राहिला. लोक खाली उतरून पुन्हा पुन्हा त्याच्याकडं बघून जात. नागमणीची नोकरी गेली होती, तिच्या जागी कुणी नेमलं नव्हतं, तरी सवयीनं तीही बघून यायची.

टँकर आठवडाभर रोज आला. मग एक दिवस आड. मग आलाच नाही. नागमणीनं निनादला फोन लावला.

"ताई, तो टँकर पिवळ्या पट्ट्यात उभा राहत होता," तो म्हणाला. आवाज खचलेला होता. "कॅमेऱ्यानं रोज अडथळ्याची नोंद केली. अग्निशमन खात्यानं नोटीस काढली. मी बोलतोय वरती."

"रस्त्यावर उभा करा म्हणावं. आम्ही आणतो वाहून."

"बोलतोय मी, ताई."

तो खरंच बोलत असणार. भल्या माणसाच्या हातात बोलण्यापलीकडं काही ठेवतच नाहीत.

पहिला दिवस घागरीतल्या तळानं निभला. दुसऱ्या दिवशी बायका शाळेच्या हौदावर गेल्या, तर शिपायानं कुलूप दाखवलं. तिसऱ्या दिवशी जैतुनबीच्या नातीला उलट्या लागल्या आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं. अप्पांची चादर दोन दिवस तशीच होती. पाठीच्या सुकलेल्या जखमा पुन्हा ओल्या झाल्या. अप्पा काही मागत नव्हते. नागमणीला तेच सहन होत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी नळ खोकला.

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. आधी हवा फुरफुरते, मग गढूळ चूळ पडते, मग धार. नागमणी दारात आली. गॅलरीत सगळ्या बायका बाहेर आल्या होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या. कुणाच्या हातात काही नव्हतं.

"दोन घागरी गं बायांनो," नागमणी म्हणाली. "दोनच. शपथ हाय."

"दोनच," जैतुनबी वरून म्हणाली.

सगळ्या आत गेल्या. नागमणीनं दोन घागरी भरल्या आणि नळ बंद केला. इमारत शांत होती. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बुडावर पाणी पडल्याचा आवाज तेव्हा तिला ऐकू आला. पोकळ, घुमणारा. घागरीचा आवाज तसा नसतो. तो वरून आला की शेजारून, कळलं नाही. पहिलं कोण, हे पुढंही कधी कळलं नाही. मग दुसरा आवाज आला. मग खालून तिसरा.

ती बाहेर धावली. पहिलं दार वाजवलं. "उघडा! बंद करा नळ!" कुणी उघडलं नाही. बब्रुवानचं दार वाजवलं. आतून त्याचा आवाज आला, "आमचं बंदच हाय. शेजारच्यांचं बघ." त्याच्या आवाजामागं धार पडत होती. तिसऱ्या मजल्यावर जैतुनबीचं दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारी मोरीत उकिडवी बसून बॅरलला पाईप धरून होती. तिनं मान वर केली नाही.

"बी, तू पण?"

"नातीच्या ओठाला फोड आलेत, मणी. मी एकटीनं बंद केलं तर बाकीचे करतील का? तू सांग, करतील का?"

नागमणी जिन्यानं खाली आली. दिवा पिवळा झाला होता. अजून लाल नव्हता. थोडं अंतर होतं. बहुतेक सगळी बॅरल भरत आली असणार आणि अजूनही इमारत पेलत होती. एवढ्यावर थांबलं तर. ती दिव्याकडं बघत उभी राहिली. मग वर आली.

अप्पा बाजेवर मान वळवून मोरीकडं बघत होते.

"धार मोठी हाय गं आज," ते म्हणाले.

"हो."

"पुढचं पाणी पाच दिवसांनी."

"अप्पा, दिवा पिवळा झालाय."

अप्पांनी चांगला हात पोटावरच्या ओल्या चादरीवर ठेवला होता आणि ती अंगापासून जराशी उचलून धरली होती. मग हात थकला आणि चादर पुन्हा अंगाला चिकटली.

नागमणी मोरीत गेली. कोपऱ्यातलं निळं बॅरल तिनं ओढलं, आतल्या धान्याच्या पिशव्या बाहेर काढल्या आणि ते नळाखाली सरकवलं. नळ सोडला. पाणी बुडावर पडलं तेव्हा तिच्याही घरातून तोच पोकळ आवाज बाहेर गेला. कुणीतरी तो ऐकला असेल.

बॅरल अर्ध्यावर आलं तेव्हा खाली शिट्टी वाजायला लागली. वरून, शेजारून, जिन्यातून माणसं ओरडायला लागली. एकमेकांची नावं घेऊन, आयाबहिणी काढून, "कुणी भरलं? कुणी भरलं?" तिच्या दारावर कुणीतरी दोन्ही हातांनी धपाधप मारत होतं.

तिनं नळ बंद केला नाही. काठोकाठ भरू दिलं. मग त्यातलं पहिलं तांब्याभर पाणी घेऊन ती अप्पांची पाठ धुवायला गेली.